आधी एक पावसाळा जाऊ द्या
कोकणातल्या वाडीवर घरी इंटरनेट घ्यायचं तर जाहिरातीतला वेग शेवटी बघा. आधी विचारा, वायर तुटली तर जोडायला येणारा माणूस कुठल्या गावचा? मुलांचे प्रवेशअर्ज, आजीची डॉक्टरांशी व्हिडिओवरची भेट, सगळं आता त्याच वायरीवर आहे. टॉवरवरून हवेतून येणारं कनेक्शन झटपट मिळतं, पण मध्ये टेकाड किंवा दाट आमराई आली की सिग्नल अडतो. फायबर मिळत असेल तर मी डोळे झाकून तेच घेईन. फक्त त्याची वायर खांबांवरून आलीय की जमिनीखालून, हे पाहाच: जुलैच्या वाऱ्यात फणसाची एक फांदी कोसळते आणि घरातल्या डबीवर लाल दिवा लुकलुकू लागतो. उपग्रहाचं म्हणाल, तर ३६,००० किलोमीटरवरच्या जुन्या पद्धतीत निरोप जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो, बोलणं अडखळतं. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या नव्या उपग्रहांत ती अडचण नाही, मात्र डिशला मोकळं आकाश हवं आणि माडा-पोफळींत ते कुठून आणायचं? काहीही घ्या, राऊटरला बॅटरीची जोड द्या. आणि सवलत कितीही मोठी असो, पहिला पावसाळा निघेपर्यंत वर्षाचे पैसे एकदम भरू नका.