यंत्राचे आयुष्य कोण ठरवितो?

घरात वापरल्या जाणाऱ्या यंत्रांकडे अर्थशास्त्राने आणि राजकारणानेही आजवर उपेक्षेनेच पाहिले आहे. पोलाद किती निघाले, कापड किती विकले गेले, याचे आकडे नियमाने प्रसिद्ध होतात. परंतु स्वयंपाकघरातील यंत्र किती वर्षे चालले, बिघडल्यावर ते दुरुस्त झाले की भंगारात गेले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. ज्या श्रमाला मजुरी नाही त्या श्रमाच्या अवजारांचीही मोजदाद नाही, हा त्याचा सरळ अर्थ होय. पाश्चात्त्य देशांत घरी पाव भाजणाऱ्या कुटुंबांत पीठ मळण्यासाठी जे स्टँड मिक्सर वापरले जाते, त्याची कहाणी या दृष्टीने उद्बोधक आहे.

या यंत्राचा जन्म घरात झाला नाही, बेकरीत झाला. १९०८ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात हॉबार्ट कंपनीतील हर्बर्ट जॉन्स्टन या अभियंत्याने एका पाववाल्याला लोखंडी पळ्याने पिठाशी झुंजताना पाहिले, आणि त्यातून सुमारे ७५ लिटर मापाचे भांडे असलेले विजेचे यंत्र निर्माण झाले. अमेरिकन आरमाराने ते आपल्या जहाजांवर घेतले. १९१९ साली त्याची घरगुती आवृत्ती ‘किचनएड’ या नावाने बाजारात आली. तिचे वजन सुमारे ३० किलो आणि किंमत १८९.५० डॉलर होती. त्या काळी फोर्डची साधी मोटार पाचशे डॉलरच्या आसपास मिळत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे हे यंत्र कोणाच्या घरी जात असेल याचा अंदाज येतो. पुढे १९३७ मध्ये एगमाँट अ‍ॅरेन्स याने आखलेले लहान आणि स्वस्त प्रतिरूप आले. त्याच्या तोंडाशी बसणारी जोडसाधने आजच्याही यंत्राला बसतात. स्वीडनमध्ये १९४० साली आल्वार लेनिंग याने निराळ्या तत्त्वावर यंत्र घडविले. त्यात भांडेच फिरते आणि मळणारा रूळ जागच्या जागी राहतो. तेही आजतागायत निघते आहे. आठ-नऊ दशके एकच आराखडा टिकावा, ही औद्योगिक इतिहासातील सामान्य गोष्ट नव्हे.

मग घरी पाव करणाऱ्यांची तक्रार काय आहे? लोणी-साखर फेटण्याने किंवा अंड्याचा फेस काढण्याने अशा यंत्राची कसोटी लागत नाही; ती लागते पावाच्या पिठाने. शंभर भाग पिठाला साठ भाग पाणी घालून केलेला गोळा जसजसा मळला जातो तसतसा त्यातील लवचिकपणा वाढतो आणि तो आकड्याला विरोध करू लागतो. हा विरोध दहा-दहा मिनिटे सलग सोसावा लागतो, तो मोटरीला आणि त्याहून अधिक तिच्या मागच्या दात्यांच्या चक्रांना. चक्रांची पेटी धातूची की प्लॅस्टिकची, वंगण कोणते, मोटर तापल्यावर आपोआप थांबते की जळून जाते, यावर यंत्राचे आयुष्य ठरते. दुकानात मात्र ग्राहकाला दिसतो तो रंग, आणि खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा. तो आकडा यंत्र वीज किती खाते ते सांगतो. आकड्यापर्यंत बळ किती पोहोचते ते सांगत नाही.

अशा अनेक यंत्रांत एक चक्र जाणूनबुजून दुबळे ठेवलेले असते. भार बेसुमार वाढला की ते प्रथम झिजते वा तुटते आणि मोटर वाचते. यात फसवणूक नाही, शहाणपण आहे. विजेच्या मंडलात फ्यूज असतो तसेच हे. परंतु फ्यूज बदलता येतो म्हणूनच तो फ्यूज ठरतो. ते चक्र सुटे मिळत असेल, चार स्क्रू काढून पेटी उघडता येत असेल, मोटरीचे कार्बन बाहेरून बदलता येत असतील, तर तुटणे हा यंत्राच्या आयुष्यातील एक प्रसंग असतो. पेटी चिकटवून बंद केलेली असेल आणि भाग मिळतच नसेल, तर तेच तुटणे हा त्याचा मृत्यू ठरतो. टिकाऊपणा म्हणजे न मोडणे नव्हे. मोडल्यावर पुन्हा उभे राहता येणे, हा त्याचा खरा अर्थ आहे.

बाजार हा गुण का जपत नाही, याचे उत्तर अर्थशास्त्राने पन्नास वर्षांपूर्वीच दिले आहे. विकणाऱ्याला वस्तूचा दर्जा ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल वाईट मालापुढे हटत जातो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखविले. रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये मांडले की टिकाऊ वस्तू विकणारा मक्तेदार आपल्याच जुन्या मालाचा प्रतिस्पर्धी बनतो. या कात्रीतून सुटण्याचे मार्ग उद्योगपतींना ग्रंथ वाचून शिकावे लागले नाहीत. १९२४ साली जगातील प्रमुख विजेच्या दिव्यांच्या कंपन्यांनी जिनिव्हात संघ स्थापून दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर बांधून टाकले, आणि दिवा त्याहून अधिक जळू देणाऱ्या सभासदाला दंड ठेवला.

यावर उत्पादकांचे ठरलेले उत्तर असे, की ग्राहकालाच स्वस्त माल हवा असतो. या उत्तरात तथ्य आहे; म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे. समजा, ४०,००० रुपयांचे एक यंत्र वीस वर्षे चालते आणि १०,००० रुपयांचे दुसरे तीन वर्षे. साधा भागाकार केला तर पहिले वर्षाला २,००० रुपयांना पडते आणि दुसरे ३,३०० हून अधिक रुपयांना. ग्राहक मूर्ख आहे असा निष्कर्ष येथे घाईने काढला जातो. परंतु पैशाला व्याज असते. पाच टक्के व्याज धरले तर पहिल्याचा वार्षिक बोजा सुमारे ३,२०० आणि दुसऱ्याचा ३,७०० रुपये होतो. टिकाऊ यंत्र अजूनही स्वस्त आहे. तेच व्याज दहा टक्के धरले की पहिले ४,७०० रुपयांवर जाते, दुसरे ४,००० वर राहते, आणि पारडे फिरते. ज्याच्या गाठीला बचत आहे त्याला टिकाऊ वस्तू परवडते. ज्याला हप्त्याने आणि चढ्या व्याजाने घ्यावी लागते, त्याला तकलादू वस्तूच पुन:पुन्हा घेणे भाग पडते. हा त्याच्या आवडीचा दोष नाही, त्याच्या परिस्थितीचा आहे.

आता याच हिशेबात दुरुस्ती आणून पाहावी. ते १०,००० रुपयांचे यंत्र दर तीन वर्षांनी हजार रुपयांचे चक्र बदलून बारा वर्षे चालविता आले, तर दहा टक्के व्याजानेही त्याचा वार्षिक बोजा १,७०० रुपयांच्या जवळपास येतो. म्हणजे निम्म्याहूनही कमी! गरिबाला महाग यंत्राचा उपदेश नको आहे. हजार रुपयांचे चक्र आणि ते बसविणारा कारागीर हवा आहे. दुरुस्तीचा प्रश्न हा श्रीमंतांच्या हौसेचा नसून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांचा आहे, तो याच कारणाने.

केवळ मालकी बदलल्याने हा प्रश्न सुटतो, असेही समजण्याचे कारण नाही. पूर्व जर्मनीत झूल येथील सरकारी कारखान्यात ‘आर. जी. २८’ नावाचे हातात धरण्याचे मिक्सर निघत असे. तो देश १९९० मध्ये नकाशावरून नाहीसा झाला, तरी ती यंत्रे जर्मन घरांत अजून फिरत आहेत. साधी रचना आणि उघडता येणारी पेटी हे त्यांचे बलस्थान. परंतु त्या समाजात वस्तू टिकविणे भाग होते ते टंचाईमुळेही, आणि वस्तू कोणती व किती निघावी हे ठरविण्यात वापरणाऱ्या गृहिणीला आवाज नव्हता, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नफ्याने लादलेली नासाडी आणि नोकरशाहीने लादलेली टंचाई यांपैकी एकीची निवड करा, असे म्हणणे म्हणजे वापरणाऱ्याला दोन्हीकडून गप्प बसविणे होय.

आपल्याकडील अनुभवही बोलका आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी सत्यप्रकाश माथूर या अभियंत्याच्या घरचा जर्मन मिक्सर भारतीय वाटणापुढे जळाला आणि त्याच्या दुरुस्तीची येथे सोय नव्हती. त्यांनी बलवान मोटरीचे नवे यंत्र घडविले आणि १९६३ मध्ये त्यातून ‘सुमीत’ मिक्सरचा उद्योग उभा राहिला. त्या पिढीच्या मिक्सरचे कार्बन, कपलर आणि पाती गल्लीतल्या दुकानात बदलून मिळत. आज शहरांतून अनेक स्त्रिया घरीच पाव आणि केक करून चार पैसे मिळवितात. त्यांच्या हाती आलेल्या परदेशी बनावटीच्या स्टँड मिक्सरचा भाग मात्र गल्लीत मिळत नाही, आणि हमीपत्रात बहुधा ‘केवळ घरगुती वापरासाठी’ अशी अट असते. जी स्त्री त्या यंत्रावर पोट भरते तिलाच हमीतून वगळले जाते.

कायदे होत आहेत, हे खरे. १९७५ च्या अमेरिकन कायद्याने, हमीसाठी कंपनीचेच भाग वापरण्याची सक्ती करण्यास मनाई केली. फ्रान्सने २०१५ मध्ये आयुष्य मुद्दाम तोकडे करणे हा गुन्हा ठरविला आणि २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तियोग्यतेचे गुण छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला आणि सदस्य देशांना ३१ जुलै २०२६ ची मुदत दिली. परंतु त्या निर्देशाच्या यादीत धुलाई यंत्रे, शीतकपाटे, भ्रमणध्वनी आहेत. पीठ मळणारे यंत्र नाही. भारत सरकारनेही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पुढे त्यासाठी संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे. माहिती देण्याचे आवाहन आणि भाग देण्याचे बंधन यांत फार मोठे अंतर आहे.

मागणी अवास्तव नाही. विक्री थांबल्यानंतरही किमान दहा वर्षे सुटे भाग वाजवी दरात आणि कोणत्याही कारागिराला मिळावेत. यंत्राच्या खोक्यावर वॅटच्या आकड्याशेजारी, किती किलो पीठ सलग किती मिनिटे मळता येईल आणि चक्रे कशाची आहेत, हे छापलेले असावे. आणि घरगुती उद्योग करणाऱ्या स्त्रीला हमीतून वगळणारी अट कायद्याने रद्द ठरावी. यातील एकाही गोष्टीला नव्या शोधाची गरज नाही. १९३७ सालची जोडसाधने आजच्या यंत्राला बसतात, याचा अर्थ टिकाऊपणाची विद्या हरवलेली नाही. ती वापरायची की नाही हे आज कारखानदार एकटा ठरवितो. पीठ मळणाऱ्या हातांनाही त्यात मत असले पाहिजे.