ॲप्रनआधी कारण विचारा

दातांच्या एक्स-रेचे तत्त्व सोपे आहे. दात आणि हाड किरणांना अडवतात, म्हणून ते चित्रात पांढरे उमटतात. किडीने पोखरलेल्या किंवा हाड झिजलेल्या जागेतून किरण सहज पार होतात आणि तिथे काळे दिसते. दोन दाढांच्या फटीतली कीड, मुळाच्या टोकाशी झालेला संसर्ग, आडवी अडकलेली अक्कलदाढ यांचा नेमका अंदाज नुसत्या आरशाने येत नाही. एक्स-रे लागतो तो त्यासाठी.

जर्मन शास्त्रज्ञ रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये. पुढच्याच जानेवारीत जर्मनीतल्या ओटो वॉकहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले, त्यासाठी त्यांना २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. अमेरिकेत एडमंड केल्स यांनी वर्षानुवर्षे उघड्या हातांनी ही यंत्रे हाताळली आणि त्यापायी आधी बोटे, मग हात गमावला. बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स नळीभोवती शिशाचे आवरण घाला, असे त्याच काळात सांगत होते. त्यांचे म्हणणे मानायला जगाने वेळ लावला.

आज एका लहान एक्स-रेला सेकंदाचा अंशच पुरतो. त्यातून मिळणारी मात्रा साधारण ५ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास असते. जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला सहा-सात मायक्रोसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो. पूर्ण जबड्याच्या ओपीजीची मात्रा लहान एक्स-रेच्या काही पट असते, तर जबड्याचे त्रिमितीय चित्र देणाऱ्या सीबीसीटी स्कॅनची कित्येक पट. तेव्हा एका चित्राची धास्ती घेण्याचे कारण नाही, पण गरज नसताना ते काढण्याचेही नाही.

किरणसुरक्षा तीन तत्त्वांवर उभी आहे: कारण सबळ हवे, मात्रा शक्य तितकी कमी हवी आणि मर्यादा पाळली पाहिजे. मुंबईच्या अणुशक्तीनगरातील अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि सर्वसामान्यांसाठी १ मिलिसिव्हर्ट अशी, नैसर्गिक किरणोत्सर्ग वगळून, मर्यादा घातली आहे. रुग्णाच्या तपासणीला मात्र असा आकडा नाही. तिथे पहिली दोन तत्त्वेच रुग्णाची राखण करतात.

मात्रा कमी करण्याचा मोठा उपाय यंत्राच्या तोंडाशीच असतो. नेहमीच्या गोल नळीतून पडणारा झोत गालावर सुमारे ७ सेंटिमीटर रुंद असतो, तर मोठ्यांसाठीची फिल्म असते ३१ बाय ४१ मिलिमीटरची. हिशेब केला तर झोताचा जेमतेम तिसरा हिस्सा फिल्मच्या कामी येतो, बाकीचा विनाकारण गालावर पडतो. झोत फिल्मपुरता अरुंद करणारा चौकोनी कोलिमेटर लावला की हा फुकटचा मारा बराच टळतो. आरव्हीजी हा डिजिटल सेन्सर किंवा वेगवान फिल्म वापरली तर कमी किरणांत भागते. होल्डरने फिल्म दाताला समांतर धरली तर चित्र वाकडे येत नाही आणि पुन्हा काढावे लागत नाही. यंत्र चालवणाऱ्याने दोन मीटर दूर आणि झोताच्या वाटेबाहेर उभे राहावे, कारण अंतर दुप्पट झाले की मात्रा चौथाईवर येते. रुग्णाच्या तोंडातली फिल्म त्याने बोटाने कधीच धरू नये.

शिशाच्या ॲप्रनवर लोकांचा भरवसा फार. अमेरिकन डेंटल असोसिएशनने मात्र २०२४ मध्ये ॲप्रन आणि थायरॉइड कॉलर नेहमीसाठी गरजेचे नाहीत, असा सल्ला दिला. पण त्या सल्ल्यात झोत अरुंद ठेवणे आणि डिजिटल सेन्सर वापरणे गृहीत आहे. गोल नळी तशीच ठेवून ॲप्रन तेवढा काढणे म्हणजे सल्ल्याचा सोयीचा अर्धा भाग उचलणे होय.

मुलांच्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असल्याने त्यांच्या बाबतीत कारण अधिकच काटेकोर हवे. गरोदरपणात तातडीच्या उपचारासाठी लागणारा एक्स-रे टाळायचा नसतो, पण डॉक्टरांना कल्पना जरूर द्यावी. जुनी चित्रे जपून ठेवावीत आणि नव्या दवाखान्यात दाखवावीत. खुर्चीत बसल्यावर ‘हा एक्स-रे कशासाठी?’ एवढे प्रत्येकाने विचारावेच. ज्या डॉक्टरांकडे त्याचे उत्तर तयार असते, त्यांच्याकडे एक्स-रे निर्धास्त काढून घ्यावा.