जाळं कापणाऱ्याची बाजू

कासव जाळ्यात पुरतं गुरफटलं की नौकेच्या तांडेलाला जाळं कापावं लागतं. ते पुन्हा जोडायला पैसा लागतो, आणि तोवर धंदा बुडतो तो वेगळाच. बरीच वर्षं निसर्गप्रेमींना कासव दिसायचं, हा खर्च दिसत नसे. मच्छीमारांनाही ही मंडळी आपल्याला गुन्हेगार ठरवायला येतात असंच वाटायचं.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात मनं जुळायला सुरुवात झाली ती वाळूवर. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला घेतली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुण्यांची जेवणं घराघरांत होऊ लागली. ज्या किनाऱ्यावरून अंडी चोरीला जायची, तिथे गावच राखणीला उभं राहिलं.

खोल पाण्यात कापाव्या लागणाऱ्या जाळ्यांचा प्रश्न मात्र तसाच होता. डिसेंबर २०१८ मध्ये मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्षाने भरपाईची योजना आणली. संरक्षित जीव सोडवताना जाळं कापलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत मिळू लागले. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ. रक्कम थोडीच आहे. पण ज्याच्यावर संशय घेतला जायचा, त्याच खलाशाने मोबाइलवर टिपलेलं चित्रण सरकारदरबारी ग्राह्य धरलं जातं, याचं मोल मला रकमेहून मोठं वाटतं.

आता मच्छीमारांच्या बाजूने उभं राहायची पाळी निसर्गप्रेमींची आहे. जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरुद्ध ते साखरी नाट्याच्या मच्छीमारांच्या बाजूने बोलले. त्या आंदोलनात एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार गेला. मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांच्या प्रकाशात होणाऱ्या मासेमारीच्या प्रश्नावर मात्र तसा आवाज मला ऐकू येत नाही. राज्याच्या फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली, नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडीच्या प्रकाशातली मासेमारी बंद केली. तरी हे नियम पाळले जावेत म्हणून पारंपरिक मच्छीमाराला अजून भांडावं लागतं. लहान मासळी उपसली गेली तर पुढच्या हंगामात काय उरणार, हा त्याचा सवाल पर्यावरणाचाच आहे. पर्ससीनवाल्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, त्यांच्या नौकांवर कितीतरी खलाशांची पोटं आहेत, हे मी जाणतो. त्यांनाही चर्चेला बोलवा. पण पारंपरिक मच्छीमार पुढच्या वेळी उपोषणाला बसेल, तेव्हा कासवांची पिल्लं समुद्रात सोडणारी मंडळी मला त्याच्या शेजारी बसलेली हवी आहेत.