विम्याचा कांटा

मानवतच्या बाजारांत कापूस घालणारा शेतकरी आधीं कांट्याकडे पाहतो. आरोग्यविम्यांतला कांटाहि असाच पाहावा, असें आम्हांस वाटतें.

स्थूलतेवरील शस्त्रक्रियेच्या खर्चासाठीं विमा नियामक प्राधिकरणानें २०१९ सालीं जें कलम घालून दिलें, त्यांत देहभारांक ४० लागतो. अनियंत्रित मधुमेहासारखा विकार असून इतर उपाय थकले असतील, तर ३५. (वजनाच्या किलोंस उंचीच्या मीटरांच्या वर्गानें भागलें कीं हा अंक येतो.) हेच अंक १९९१ सालीं अमेरिकेंत ठरले होते. पण आपला बांधा निराळा! पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाहि अंक २२.३, अंगांतील चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. ‘लॅन्सेट’नें २००४ सालीं हें छापलें. आशियाई रोग्यांसाठीं शल्यवैद्यांनीं ३७.५ व ३२.५ हे अंक सुचविले, ते उगाच नव्हेत.

आतां १६० सेंटिमीटर उंचीची, ८५ किलो वजनाची, मधुमेहानें गांजलेली गृहिणी घ्या. अंक ३३. शल्यवैद्य होकार देतील, विमा नकार देईल. आणि घरचीं माणसें, बहुधा भरल्या ताटावरूनच, तिला कमी खाण्याचा उपदेश करतील. प्राधिकरणानें हे अंक खालीं आणावेत. तोंवर कर्त्या मंडळींनीं सहीपूर्वीं हें कलम एकदां वाचावें.