तीव्र वळणाचा ताळेबंद

अमेरिकेत सुटीच्या दिवशी सकाळी एखाद्या क्रीडागाराच्या रिकाम्या वाहनतळावर, किंवा वापरातून गेलेल्या धावपट्टीच्या काँक्रीटवर, नारिंगी प्लास्टिकचे शेकडो शंकू मांडलेले दिसावेत आणि त्यांच्यामधून मोटारी थोड्या थोड्या अंतराने एकेक करून सुटताना दिसाव्यात, तर तो ‘ऑटोक्रॉस’चा खेळ आहे असे खुशाल समजावे. येथे मोटारीची मोटारीशी झुंज नसते. झुंज घड्याळाशी असते, आणि ते घड्याळ सेकंदाचा हजारावा भाग मोजते. १९४४ साली स्थापन झालेली ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था या खेळाला ‘सोलो’ म्हणते. भाग घेणारे बहुतांशी हौशी असतात. पुष्कळांची मोटारही तीच असते, जी दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर घेऊन जाते. (भारतात आणि ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस म्हटले की बहुधा माती वा गवताचे मैदान डोळ्यांपुढे येते, अमेरिकेतील प्रकार फरसबंद जमिनीवरचा आहे.)

एक फेरी साधारणपणे मिनिटभराची. वेग महामार्गावरील वेगाहून अधिक नसतो. बहुतेक मोटारी दुसऱ्या गिअरच्या पुढे जातच नाहीत. मग कौशल्य कशात आहे? ते आहे वळणांत, आणि विशेषतः अगदी तीव्र वळणांत. सरळ पट्ट्यात उत्तम व साधारण चालक यांच्यांत फारसे अंतर पडत नाही. ते पडते जेथे मोटार जवळजवळ आल्या वाटेने परत फिरवावी लागते तेथे.

व्यापारी घरांतील वाचकांना हिशेबाची भाषा परकी नाही. म्हणून या वळणाचा हिशेबच मांडून पाहावा. टायरची आडवी पकड मोटारीच्या वजनाइतकी आहे असे गृहीत धरू. नऊ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाकार वळणात मोटार ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेगाने टिकते आणि ते वळण तीन सेकंदांत पुरे होते. तेच वळण बारा मीटर त्रिज्येने, ऐसपैस घेतले, तर वेग ताशी ३९ किलोमीटरपर्यंत वाढतो. पण वाट लांबल्यामुळे वेळ साडेतीन सेकंदांच्या घरात जातो. म्हणजे वेग वाढला आणि वेळही वाढला! सुमारे अर्धा सेकंद खर्ची पडला.

त्याच्या मोबदल्यात जमेला काय आले? वळणातून बाहेर पडताना ताशी पाच किलोमीटरचा जादा वेग. पुढे चाळीस मीटरचा सरळ पट्टा असेल, तर सामान्य मोटारीला या जादा वेगामुळे सेकंदाचा पाचवा हिस्सादेखील वाचत नाही. ब्रेक थोडा कमी दाबावा लागला, त्याचेही सेकंदाचे काही शतांश जमेस धरले, तरी खर्च भरून येत नाही. शंभर मीटरचा पट्टा असला तरी बचत पाव सेकंदाच्या आसपासच राहते. मोठ्या शर्यतीच्या मार्गावरून आलेले चालक ‘रुंद आत, रुंद बाहेर’ हा धडा सोबत घेऊन येतात आणि पहिल्याच दिवशी फसतात ते यामुळे. तेथे वळणानंतर अर्ध्या किलोमीटरचा पट्टा असतो; येथे पुढचा शंकू दाराशीच उभा असतो. तीव्र वळणात शंकूला चिकटून, कमीत कमी अंतर कापणे, हाच बहुधा फायद्याचा सौदा ठरतो.

मात्र हा सौदा करताना घाई नडते. चालक उशिरा ब्रेक लावतो, अधिक वेगाने आत शिरतो आणि स्टिअरिंग आणखी वळवतो. पुढच्या टायरांची पकड आधीच संपलेली असते. चाके वळलेली, पण मोटार सरळच घसरत जाते. मग शंकूपासून तीन-चार मीटर दूर, अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलून, पकड परत येण्याची वाट पाहत बसावे लागते. जाणते चालक म्हणूनच ब्रेक सरळ रेषेत असतानाच पुरा करतात, वळणाचा आतला शंकू थोडा उशिरा गाठतात आणि मोटार सरळ झाली की मगच जोर देतात. आणखी एक सवय ते जपतात: नजर या शंकूवर न ठेवता पुढच्या शंकूवर ठेवण्याची. स्पर्धेपूर्वी मोटारीने सराव करता येत नाही. मार्ग पायी फिरूनच पाठ करावा लागतो, आणि सकाळी माणसे हात हवेत वळवत शंकूंमधून चालत असतात, तो देखावा मोठा मौजेचा असतो.

शंकूला चिकटण्याची किंमतही ठरलेली आहे. प्रत्येक शंकूच्या बुडाभोवती जमिनीवर चौकोन आखलेला असतो. शंकू सरकला, पण उभा राहून त्या रेषेला स्पर्श करीत असला, तर माफी. आडवा झाला किंवा चौकोनाबाहेर गेला, तर दोन सेकंदांचा दंड. जेथे क्रमांक सेकंदाच्या दशांशाने ठरतात, तेथे दोन सेकंद म्हणजे त्या फेरीचे दिवाळेच. एखादे प्रवेशद्वार चुकले, तर फेरी मुळीच धरली जात नाही.

आता मार्ग आखणाऱ्याकडे वळू. कारण खरी जबाबदारी त्याच्या शिरावर असते. दिव्यांचे खांब, गटारांची झाकणे, दुभाजक हे सारे सांभाळून त्याला कागदावर मार्ग काढावा लागतो. तीव्र वळण हे त्याच्या हातातील लगाम आहे. वेग वाढू लागला की तो तेथे वळण घालतो. परंतु लगाम अति खेचला तर खेळ बिघडतो. माझदा मिआटासारखी छोटी मोटार साडेनऊ मीटरच्या आसपास व्यासात फिरते. लांबरुंद कॉर्व्हेटला अकरा मीटरहून अधिक जागा लागते. वळण फारच आवळले, तर निकाल चालकाच्या कौशल्यावर न लागता मोटारीच्या बांधणीवर लागतो. ज्या आखणीत मोठी मोटार जवळजवळ थांबवून फिरवावी लागते, ती आखणी कितीही चतुर दिसली तरी सदोषच म्हणावी लागेल.

सुरक्षिततेचे नियम याहून कडक आहेत. दीडशे फुटांहून लांब सरळ पट्ट्याचा शेवट अत्यंत तीव्र वळणाने करू नये, असा संस्थेचा दंडक आहे. बाहेरच्या बाजूस उतार असलेली वळणे टाळावीत. मार्गाची हद्द खांब-भिंतींपासून पंचवीस फुटांच्या आत येऊ नये. नागमोडी रांगेतील दोन शंकूंमध्ये किमान पंचेचाळीस फूट अंतर हवे, आणि मार्गाची रुंदी किमान पंधरा फूट.

हे आकडे कागदी नाहीत. पडलेले शंकू उचलण्यासाठी वळणावळणांवर माणसे उभी असतात, आणि ती पगारी नसतात. प्रत्येक स्पर्धकाने आपल्या फेऱ्यांखेरीज एक पाळी हे काम करावयाचे, असा रिवाज आहे. सकाळी ज्याच्या वळणाला नावे ठेवली, त्याच वळणाच्या बाहेरच्या बाजूला दुपारी हातात लाल निशाण घेऊन उभे राहावे लागते. लांब पट्ट्यानंतरच्या तीव्र वळणात मोटार घसरली, तर ती नेमकी कोणत्या दिशेने येईल, हे तेथे उभे राहिल्यावर नीट कळते. म्हणून सकाळी पहिली मोटार सुटण्यापूर्वी सुरक्षा-अधिकारी मार्ग पाहतो, आणि त्याने सांगितले तर शंकू हलवावेच लागतात. आखणाऱ्याची हौस तेथे चालत नाही.

या संस्थेची राष्ट्रीय स्पर्धा २००९ पासून नेब्रास्का राज्यातील लिंकन येथील जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटवर भरते. हजाराहून अधिक चालक येतात. दोन दिवस, दोन निरनिराळे मार्ग, प्रत्येकावर तीन फेऱ्या. दोन्हींवरील उत्तम वेळांची बेरीज करून विजेता ठरतो. वर्षभराच्या तयारीनंतर पदरी येतात त्या सहा फेऱ्या, सारा मिळून पाच-सात मिनिटांचा खेळ. स्पर्धा संपली की शंकू गोळा होतात, आणि पुढच्या वर्षी त्याच काँक्रीटवर नवा मार्ग आखला जातो.