उकळल्याने काय जाते?

नववीच्या वर्गात पाण्याचा धडा चालू होता. "पाणी उकळून घ्या आणि निर्धास्त व्हा," असे मी दरवर्षीप्रमाणे सांगितले. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. बोलताना ती तोंडावर ओढणी धरते. मी तिला लाजाळू समजत होते. "मॅडम, आमच्याकडे उकळूनच पितात. मग हे डाग कशाचे?" ओढणी बाजूला झाली. दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे होते.

उत्तर मला ठाऊक होते, पण ते माझ्याच वाक्याच्या विरुद्ध जाणारे होते. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. पाण्याची वाफ होते, फ्लोराइड भांड्यातच राहते. लिटरमागे 2 मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी आटवून निम्मे केले, तर लिटरमागे 4 मिलिग्रॅम होते. आपल्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते 1 पर्यंत असावे. दुसरे पाणीच मिळत नसेल तर 1.5 पर्यंत चालते. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते याहून जास्त सापडले आहे. ते खडकातूनच पाण्यात उतरते. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड, म्हणून संशयही येत नाही.

घरी आले तेव्हा अम्मींचा चहा चुलीवर होता. फजरपासून इशापर्यंत त्यांची किटली थंड होत नाही, आणि एकदा टाकलेली पत्ती दोन-तीनदा उकळली जाते. मग आठवले, चहाचे झाडही या हिशेबात येते.

चहाला आम्लधर्मी जमीन लागते, साधारण 4.5 ते 5.5 सामू असलेली. अशा जमिनीत ॲल्युमिनियम विरघळते आणि बहुतेक पिकांची मुळे त्याने खुरटतात. चहाचे झाड मात्र ते शोषून पानांत साठवते, आणि फ्लोराइडही. पान जितके जुने, तितका साठा मोठा. शेंड्याची दोन पाने आणि कळी खुडतात, त्यात हे कमी. खालच्या जून पानांत कित्येक पटींनी जास्त. तिबेट आणि मंगोलियाकडे अशाच जून पानांच्या विटा करून दिवसभर उकळून पितात; तिथे हाडांचा आणि दातांचा फ्लोरोसिस दिसून आला आहे. आसामच्या जोरहाटला टोकलाईचे चहा संशोधन केंद्र 1911 पासून आहे. चहाच्या मातीचा अभ्यास आपल्याकडे काही नवा नाही.

मळ्यात अमोनियम सल्फेट ओतत राहिले तर मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, त्यात आम्ल सुटते आणि जमीन आणखी आंबट होते. जपानच्या शिझुओकात खताच्या अतिरेकाने मळ्याखालच्या तळ्यांचे पाणी आम्लधर्मी झाले होते. म्हणजे जे पानात येते, ते पाण्यातही उतरते.

चहा सोडा असे मी म्हणणार नाही. अम्मींना म्हणून पाहिले, त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी गप्प बसले. चांगल्या पाण्याचा, नेमका उकळलेला, दूध घातलेला दोन-तीन कप चहा ही चिंतेची बाब नाही. दुधातले कॅल्शियम फ्लोराइडचे शोषण कमीच करते. प्रश्न आहे तो वाईट पाणी, जुनी पत्ती आणि दिवसभराची किटली एकत्र येण्याचा. कुणी म्हणेल, गवती चहा घ्या, तो औषधी. त्यात चहाचे झाड नाही, कॅफिनही नाही, हे खरे. पण तोही त्याच बोअरच्या पाण्यात उकळणार असेल तर पाण्याचा दोष जात नाही.

नुसती तुरटी फिरवूनही भागत नाही. नागपूरच्या 'नीरी'ने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना मोजून घालतात, गाळ बसू देतात आणि वरचे पाणी काढतात. अंदाजाने केले तर पाण्यात ॲल्युमिनियम उरते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात आदल्या दिवशीचे वाक्य फळ्यावर लिहून खोडले. त्या मुलीला सांगितले, बोअरचे पाणी प्लास्टिकच्या बाटलीत आण, काचेच्या नको. फ्लोराइड काचेशी क्रिया करते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घेऊ. दातांचे डाग लहानपणी दात घडतानाच पडतात, तिचे आता पाणी बदलून जाणार नाहीत, हेही सांगावे लागले. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, माझा धाकटा भाऊ 3 वर्षांचा आहे." बाटली तिने दुसऱ्याच दिवशी आणली.