समुद्राकाठचे बिनखर्चाचे घर

‘कारवार शहरात समुद्राजवळ, कुटुंबासाठी योग्य, देखभालीचा त्रास नसलेले घर विकणे आहे.’ अशी जाहिरात वाचून बंगळूरच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे, की यजमानांच्या निवृत्तीचे पैसे यात घालावेत का? रात्री बंगळूरला गाडीत बसले की सकाळी कारवार, ताजी मासळी, शेजारपाजारी कोकणी-मराठी बोलणारे. मोह पडण्यासारखेच आहे सारे.

पण ताई, ते ‘देखभालीचा त्रास नसलेले’ जरा तपासून घ्या. बंगळूरला वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कारवारला त्याच्या जवळजवळ तिप्पट, तोही बहुतेक चार महिन्यांत. वर खारा वारा. सिमेंटचे घर चकचकीत दिसते म्हणून बिनखर्चाचे वाटते. प्रत्यक्षात हवेतले मीठ ओलाव्याबरोबर काँक्रीटमध्ये मुरते, आतल्या सळया गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि स्लॅबचे पापुद्रे सुटू लागतात. नव्या रंगाखाली हे महिनोन् महिने झाकून राहते. तेव्हा छताची खालची बाजू, सज्ज्याच्या कडा आणि न्हाणीघर नीट पाहा. सळईच्या रेषेत तांबूस चीर दिसली, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका.

जांभ्या दगडाचे, मंगळुरी कौलांचे जुने घर असेल तर मला ते अधिक आवडेल. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून या किनाऱ्यावर ही कौले टिकून आहेत. मात्र दरसाल मृगाच्या आधी कौले परतावी लागतात, फुटकी बदलावी लागतात, वाशांना वाळवी लागली का ते बघावे लागते, झडीच्या बाजूला झापे बांधावी लागतात. यात पैसा फार जात नाही, माणूस लागतो. कौले मिळतात, ती परतणारा मिळत नाही! आणि बंद घर सर्वांत लवकर खराब होते. घरात सध्या कोण राहते, हे विकणाऱ्याला आधी विचारा.

आता कागदपत्रे. ईसी आणि खाते तुम्ही बंगळूरकर पाहालच. पण अशी घरे बहुधा वडिलोपार्जित असतात. २००५ च्या कायदादुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. रीतसर वाटणी आधीच झालेली नसेल, तर मुंबईला दिलेल्या आत्याचीही सही हवी. दादा म्हणतात, ‘ती काही मागणार नाही.’ मग सही करायला हरकत कसली? भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत १९९१ पासून किनारा नियमनाचे निर्बंध आहेत. घर त्यानंतरचे असेल तर मंजूर नकाशा मागा. वाढीव खोली नकाशात नसेल, तर तिचे पैसे मोजू नका.

एवढे पटले तरी घर डिसेंबरात पाहून ठरवू नका. जुलैत जा, विकणाऱ्यांना विचारून एक रात्र तिथेच मुक्काम करा. उशाशी बादली ठेवावी लागते का, ते तेव्हाच कळेल.